उमाकाकूचा लाल पंचा

रत्नागिरी, मंगळवार

ती. शार्दूलदादा यांना मैनाचा नमस्कार. (वरती अजून काय काय लिहायचं ते आप्पांनी सांगितलेलं, पण एवढंच लक्षात राहिलं.)

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे (नववीतनं शाळा सोडली ती सोडलीच) आणि मोबाईलवर एका बोटाने टाईप करते, म्हणून शनिवारी सुरू केलेलं पत्र आज संपतंय. तुम्ही, वहिनी, वेदिका सगळी बरी असाल. नात्याने तुम्ही माझे चुलत भाऊ, पण वयाने पप्पांपेक्षा मोठे, म्हणून दादा लिहिते नि तुम्ही म्हणते. त्या दिवशी तुम्ही दारापुढच्या खळ्यात उभे राहून ओरडलात, की गणपती झाले की घराला कुलूप घालून आईला, म्हणजे आमच्या उमाकाकूला, ठाण्याला नेणार, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. खरं काय झालं ते मला सगळं माहीत होतं. पण चार माणसं दिसली की माझा आवाज बाहेरच येत नाही. म्हणून आता लिहिते.

आपल्या आळीत एकटी राहणारी म्हातारी माणसं पाच. त्यांच्यासाठी आप्पांनी (रिटायर हेडमास्तर, स्वतः अठ्ठ्याहत्तरचे, पण ते म्हाताऱ्यांत स्वतःला मोजत नाहीत) आमचा सात जणांचा ग्रुप केला. कुणी बाजार आणतं, कुणी सिलिंडर लावतं. योगिनीवहिनी गोळ्या डब्यांत भरते. मी काकूच्या डोळ्यात थेंब घालते नि तिची अंघोळ सांभाळते. म्हणजे अंघोळ ती स्वतःच करते, मी दाराबाहेर बसते. आतनं कडी लावायची नाही आणि मोठ्याने पाढे म्हणत राहायचं, पाढा थांबला की मी आत जायचं, असं ठरलंय. परवा एकोणतीसच्या पाढ्याला थांबली म्हणून मी धावत आत गेले, तर ती नुसती आठवत होती. फार बोलली मला.

तर पंचा. काकूने सकाळी सातच्या आत पडवीच्या दांडीवर लाल पंचा टाकायचा, म्हणजे ती उठली, बरी आहे. त्या दिवशी सात वाजून गेले तरी पंचा नाही. मला हाक मारायला जमत नाही, म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, पंचा नाही. आणि दादा, चार मिनिटांत सातही जणं पडवीत हजर. आप्पा एका पायात स्वतःची नि एका पायात बायकोची चप्पल घालून आले. बघतो तर काकू चुलीपाशी उभी, पंच्याने चहाचं टोप उतरवत होती. आम्ही मदतीला येतो, मग आम्हाला चहा नको का, म्हणून ती पहाटेपासून त्याच्यातच. (ही चूक आमची, कबूल. सात जणं मदतीला येऊन काकूचं काम सात कपांनी वाढवलेलं, ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.)

आप्पा म्हणाले, आलोच आहोत तर बीपी बघू. मशीन चालू असताना कुणी बोललं की आकडा वाढतो असं त्यांचं म्हणणं, म्हणून सगळ्यांना गप्प बसवलं. चष्मा घरी राहिलेला, म्हणून मशीनवर मान घालून बसले, नि आकडा बघायला आम्हीपण काकूभोवती वाकलो. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडनं नितेशची रिक्षा गेली. त्याला काय दिसलं, तर बाहेर चपलांचा ढीग, पडवीत माना खाली घातलेली माणसं, आणि कोण बोलत नाही. आळीत कोण गेलं तर बांबू आणायचे ते नितेशने, हे ठरलेलं. तो कुणाला विचारायलासुद्धा थांबला नाही. तुम्हाला फोन केला, "दादा, निघा, सावकाश या," नि अर्ध्या तासात टपावर दोन हिरवे बांबू बांधून दारात.

काकू कप घेऊन बाहेर आली. बांबूंकडे बघितलं, नितेशकडे बघितलं. म्हणाली, "मेल्या, आधी चा घे. मग बांध मला."

तुम्हाला आम्ही अकरा फोन केले, पण तुम्ही फोन बंद ठेवलेला. (मीपण ठेवला असता.) संध्याकाळी गाडीतनं उतरलात तेव्हा काकू पडवीत अळू चिरत होती. तुम्ही आधी रडलात नि मग ओरडलात. कुणाला राग आला नाही.

पण दादा, दीड वर्षात काकू एकदाही पडलेली नाही. गोळी एकदाच चुकली, तीपण आप्पांची. आता पंचे दोन केलेत, दांडीचा वेगळा, चहाचा वेगळा. सकाळी फक्त मी जाते. काकू म्हणते, ही पोर बोलत नाही, हिच्याशी बोलत बसायला लागत नाही, कामं उरकतात. असं माझ्याबद्दल चांगलं कोणी पहिल्यांदा बोललं. म्हणून कुलूप घालू नका.

तुमची,
मैना

ता.क. कुलपाचं काय ते तुम्ही नि काकू ठरवा, त्याच्यासाठी हे पत्र नाहीच खरं तर. त्या दिवसापासून तुम्ही रविवारचा फोन केला नाहीत. तीन रविवार झाले. काकू साडेदहापासून मोबाईल मांडीवर घेऊन बसते, बारा वाजले की "रेंज नसेल गो" म्हणते नि पान वाढायला उठते. बाकीची सगळी कामं आम्ही वाटून घेतलीत. ह्या कामाला तुमच्या जागी योगिनीवहिनीने बसून बघितलं, आप्पा बसले, मीपण बसले. जमत नाही.

ता.क. २. आमच्या शेळीला काल तीन पिल्लं झाली. तिन्ही काळी.