प्रज्ञाचा नवा नंबर

क्षमावाणीचा दिवस, सोमवार, दिवेलागण

सकाळपासून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गल्लीत, फोनवर सगळ्यांपुढं हात जोडून झाले. वर्षभरात दुखावलं असेल तर क्षमा करा. आणि दुपारी त्याचाच मेसेज आला. नात साताऱ्याला शिकायला गेल्यापासून नावं बदलून बदलून तिच्या मागं लागलेला, तिच्या फोटोंखाली घाण लिहिणारा तो. माझा नंबर कुठून काढला कोण जाणे. "आजोबा, उत्तम क्षमा. प्रज्ञाचा नवा नंबर द्या, तिचीही क्षमा मागतो."

आजच्या दिवशी क्षमा मागणाऱ्याला परत कसं पाठवायचं? विरघळलो मी, खोटं कशाला लिहू. तिलाच फोन लावला. पूर्वी रोज सकाळी स्तवन म्हणतानाचा व्हिडिओ धाडायची. याच्यापायी तेही थांबलं. तिचं तोंड बघून लय दिवस झाले.

"आवं आजोबा, क्षमा मागायला नंबर कशाला लागतोय? तुमच्यापाशी मागितली, पोचली मला."

"मग तक्रार करायची न्हाई का?"

"करायची. राग सोडला मी, तक्रार न्हाई सोडत. मेसेज पुसू नका. बुधवारी येताय न्हवं माझ्याबरोबर पोलिसांकडं?"

"येतो की."

हे मला का सुचलं नाही? त्याला मनोमन क्षमा केली, उत्तर धाडलं नाही. नंबर तर नाहीच.

बुधवार कधी उजाडतो असं झालंय. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर का होईना, पोर शेजारी बसेल.