तू पाठवलेली सीट

प्रिय ताई,

बाळ-बाळंतीण घरी आल्या. दोघी आत्ता झोपल्या आहेत म्हणून लिहायला बसले. फोनच करणार होते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि तुझा नातू शेजारी कान टवकारून बसतो. हे टिल्लूच्या कानावर पडायला नको. जावई उद्या तुमच्या बाजूला कामाला येतो आहे, त्याच्या हाती हे देते.

माझी कंबर पार गेली आहे. धुण्याची बादली उचलताना तोंडून देवाचं नाव निघतं, तेवढीच सध्या माझी प्रार्थना. तो समजून घेईल. नात गोड आहे. कपाळ थेट तुझं. रडते मात्र माझ्यासारखी, एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही.

टिल्लूला लहान झाली म्हणून तू ती गाडीत मुलाला बसवायची सीट पाठवलीस, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! आपलं दोघींचं सगळं असंच चालत आलं. तुझे फ्रॉक मला, तुझ्या मुलाची दुपटी माझ्या मुलीला. पाळणा तर इतक्यांदा इकडून तिकडे गेला की तो मुळात कोणाचा, हे आता देवच जाणे. जावयाला नवी सीट घ्यायची होती. मी म्हटलं, घरची असताना दुकानदाराची धन कशाला? कव्हर काढून धुतलं, पट्टे ओल्या फडक्याने पुसले, बकलात अडकलेला बिस्किटाचा भुगा टाचणीने काढला. झाल्यावर वाटलं, ही तर दुकानातलीच.

दवाखान्यातून सोडताना तिथली नर्स गाडीपर्यंत आली. बाळ घरी पाठवण्याआधी तिथे सीट नीट बसली आहे का ते बघतात. तिने गुडघा रोवून सीट दाबली, गाडीचा पट्टा ओढून आवळला, हलवून पाहिली. मग मला विचारलं, "काकू, ही कुठल्या अपघातातली नाही ना?" मला रागच आला. म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरची आहे, तिथे असली लपवाछपवी चालत नाही. तिने सीट पुन्हा दाबली तेव्हा कट् असा आवाज आला. तिने कव्हर वर केलं, आतला फोमचा तुकडा उचकटला. खांद्याचा पट्टा जिथून बाहेर येतो तिथून कडेपर्यंत प्लास्टिक पांढरं पडून फाटलं होतं. मी एवढं धुतलं-पुसलं, पण फोम निघतो हेच मला ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, हे उचलण्या-ठेवण्याने होत नाही. गाडी जोरात आदळली असेल आणि तेव्हा आत मूल असेल. आदळलेल्या सीटवर पुन्हा भरवसा ठेवायचा नसतो. मी विचारलं, आतून जाड चिकटपट्टी मारली तर? जावयाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी गिळलं. तो नवी आणायला गेला आणि आम्ही तिघी बाकावर बसून राहिलो. लेक डुलक्या घेत होती, बाळ माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आत मूल असेल, म्हणजे कोण?

घरी आल्यावर तुला न विचारता तुझ्या मुलाला फोन केला. म्हटलं, सीट कशी तडकली रे? तर तो म्हणाला, "मावशी, आई आहे का तिथे?" तेव्हाच मला कळायचं ते कळलं.

गाडीचं नाक चेपलं तेव्हा कामावर कोणीतरी ठोकली असं त्याने तुला सांगितलं होतं ना? कोणी ठोकली नव्हती. रात्रपाळी करून आला आणि तसाच टिल्लूला शाळेत सोडायला निघाला. वळणावर डोळा लागला, गाडी खांबावर गेली. टिल्लूला ओरखडासुद्धा आला नाही, आणि सीट वरून धड दिसली म्हणून तिच्या आत कोणी पाहिलंच नाही. देवाने राखलं, आणि बापाने पेंगुळलेल्या हातांनी का होईना, पट्टे घट्ट आवळले होते म्हणूनही राखलं गेलं.

परवा तू कुरकुरत होतीस, की पोरगा गाडीत अखंड बडबडतो, बापाला धड चालवू देत नाही, दोन धपाटे घातल्याशिवाय गप्प बसत नाही. ताई, त्याला गप्प बसवू नकोस गं. तुझा मुलगा म्हणाला, "मावशी, मी जरा बोलायचा थांबलो की मागून विचारतो, बाबा, आहात ना?" मी विचारलं, अजून पेंग येते का रे गाडी चालवताना? हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

सीट तशीच कचऱ्यात टाकली असती, तर माझ्यासारखीच कोणीतरी धुऊन-पुसून घरी नेली असती. म्हणून आधी पट्टे कापले. फार चिवट निघाले, कपड्याची कात्री बोथट झाली. जिने आपला टिल्लू धरून ठेवला तिला असं कापताना हात अडखळला. मग टाकली. नवी सीट वहीत बाळंतपणाच्या खर्चात लिहू की गाडीच्या, ते अजून ठरत नाही, पण तिच्याबद्दल जीव हळहळत नाही. माझा, म्हणजे बघ.

मी त्याला म्हटलं, आईला तूच सांग. तर म्हणाला, "कितीदा सुरुवात केली. ती म्हणते, दमलायस, आधी जेवून घे. मग धीरच होत नाही. तूच लिही, मावशी." म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी तुम्ही सगळे त्याच्या गाडीने बाळाला बघायला निघणार आहात. तसं येऊ नका, बसने या. टिल्लूला उद्यापासून शाळेची गाडी लाव, त्यात काटकसर नको. आणि पत्र वाचलंस की त्याच्याकडून किल्ली मागून घे. तो वाद घालणार नाही. कोणीतरी ती मागून घ्यावी, म्हणूनच त्याने मला एवढं सांगितलं असं मला वाटतं. रागावायचं असेल तर रागाव, तुझा हक्क आहे. पण आधी त्याला पोटभर झोपू दे.

तुझीच, रविवारी बस थांब्यावर वाट बघणारी,
धाकटी