साडेनऊपर्यंतचं ऊन

निपाणी, १२ एप्रिल

चि. ब्राह्मी,

जूनमध्ये मी तुमच्याकडे येणार म्हणून स्पेनच्या किनाऱ्यावरच्या सहा शहरांची नावं पाठवून तू म्हणालीस, "आप्पा, यातली तीन निवडा." मी कुणाला न विचारता प्रत्येक शहराचा जूनमधला सूर्यास्त वहीत लिहून काढला. काडिझ नऊ एकोणपन्नास, मालागा नऊ चाळीस. तुझी आई म्हणाली, "लोक समुद्र बघून गाव निवडत्यात, तुम्ही मावळतीची वेळ बघून."

तिला काय सांगू? बेळगावात तुझ्या लग्नाच्या जेवणाला, दिवस मावळला असं सांगून मी तुझ्या नवऱ्याच्या, मातेओच्या शेजारच्या ताटावरून उठलो. कार्यालयात बाहेरचं दिसत नव्हतं, पण मी घड्याळ पाहिलं होतं. सूर्यास्ताला अजून वीस मिनिटं होती; मला त्याच्या शेजारी जेवायचं नव्हतं. दिवस मावळल्यावर न जेवण्याचा माझा नेम समजून तू चार वर्षं काही बोलली नाहीस.

म्हणून पहिलं शहर तुमचंच, वॅलेन्सिया. तिथं सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि मातेओ आठला कामावरून येतो. उरलेली दोन तू ठरव. फोनवर तुला हे सांगतो आणि एवढंच, की तो आल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही. वीस मिनिटांचं तिथं येऊन, त्याच्यासमोर, तोंडानं सांगेन. तोवर हे पत्र वहीतच राहू दे.

तुझ्याकडची वाट धरलेला,
आप्पा