शिमग्यातले पासवर्ड

निवळी, ता. रत्नागिरी
१२ मे २०२५

चि. निशिगंधा हिस अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून आईकडे रडू नकोस. बोलायला लागलो तर आवाज चढेल आणि शेजारी ऐकतील. म्हणून लिहितो.

परवा हातखंब्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात हर्षदसाहेबांनी तुझ्या एम.एस्सी.चा, आमच्याच ऑफिसवरचा अहवाल सगळ्यांसमोर वाचला. त्यात म्हणे, सव्वीस वर्षं नोकरी झालेला एक कारकून शिमग्यात चौघांचे पासवर्ड कॅलेंडरमागे लिहून घेतो आणि त्यांच्या नावाने ट्रकचे गेटपास काढतो. नाव नव्हतं. पण सव्वीस वर्षांचा कारकून आमच्यात एकच आहे. मला घरी बसवलंय.

बाकीच्यांकडून तू छापील संमतीपत्रावर सह्या घेतल्यास. माझ्याकडून? फणसाच्या आठळ्या सोलताना सहज विचारलंस, पालखीसाठी सगळे गावी गेले की ऑफिस चालतं कसं. मीही मूर्ख, कौतुकाने सांगत बसलो. माहिती कशी जपायची ते शिकायला तुला पुण्याला पाठवलं आणि तू घरातलीच चोरलीस.

आई बरी आहे. तिला यातलं अर्धंच सांगितलंय.

आशीर्वाद आहेत, राग त्याहून जास्त आहे.
बाबा

पुणे
१९ मे २०२५

ती. बाबांस सा. न.

पत्र तीनदा वाचलं. चूक माझी आहे. बापाकडून कसली सही घ्यायची, असं वाटलं आणि पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट मी घरी विसरले.

पण मलाही राग आलाय, तोही ऐका. काही गडबड झाली असती तर पोलीस कोणाच्या दारात आले असते? निलेशकाका, कमळामावशी दरवर्षी पासवर्ड तुमच्या हवाली करून खुशाल पालखीला जातात. तुम्हाला घरी बसवलं तेव्हा त्यांच्यातलं कोणी तोंड उघडलं? आणि हर्षदसाहेब! या अभ्यासावरून कोणावर कारवाई करणार नाही, असं त्यांनी मला लिहून दिलं होतं. शिमग्यात एकही ट्रक अडता कामा नये, हा हुकूम तरी कोणाचा?

आमच्या मार्गदर्शक दमयंतीमॅडमना मी सगळं सांगितलं. संमतीशिवाय घेतलेली माहिती चालत नाही, म्हणून ते प्रकरण काढून टाकलं. त्याच्यावाचून प्रबंधात काही उरत नाही. सहा महिने पुन्हा काम करावं लागेल. ठरत आलेली नोकरीही गेली. तो भाग मागे घेतल्याचं मॅडमनी साहेबांना कळवलंय आणि त्यांच्या लेखी वचनाची आठवणही दिली आहे.

तुमच्या रागाला पात्र, तरी मायेची वाट पाहणारी,
निशू

निवळी
२ जून २०२५

चि. निशू, अ. आ.

शुक्रवारपासून पुन्हा कामावर जातोय. साहेब म्हणाले, अहवाल मागे घेतला म्हणजे काही घडलंच नाही. सगळे हसले. त्याच दुपारी निलेश आला. आंजर्ल्याला भाचीचं लग्न आहे म्हणाला आणि नेहमीसारखी पासवर्डची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. माझं डोकंच फिरलं. चिठ्ठी फाडली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की पोरीने लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे आणि साहेबांना ते आधीपासून ठाऊक होतं. आता माझ्याशी कोणी बोलत नाही. डबा एकटाच खातो.

तुझाही राग आला. पहिल्यांदा न विचारता घेतलंस आणि आता मला वाचवायला न विचारता पुसलंस. मी काय लहान मूल आहे?

दमयंतीमॅडमना मी स्वतः लिहिलंय. माझी संमती आहे, ते प्रकरण परत घाला, साहेबांचा हुकूमही त्यात लिहा, माझं नाव छापायचं तर छापा. सहा महिने जायचेच असतील तर जाऊ देत, पण हेच लिही.

गणपतीला घरी ये. राग तोवर उतरेल की नाही, सांगता येत नाही. यापुढे मला काही विचारशील तेव्हा एवढंच आधी सांग, मुलगी विचारते आहे की विद्यार्थिनी. उत्तर मी दोघींनाही देईन.

तुझा,
बाबा