चौदा आणि पंधरा

बाबा, आज वर्गात फळ्यावर चार बाय चारची चौकट काढली आणि तुमची हळदीने पिवळी झालेली बोटं आठवली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून तुम्ही मला ते प्लास्टिकचं कोडं आणलं होतं. पंधरा आकडे, एक रिकामं घर. सरकवत सरकवत ओळीने लावायचे. रोज जेवणानंतर आळीपाळीने लावायची आपली शर्यत लागायची. हरेल त्याने भांडी घासायची. तुम्ही पटकन लावायचात, वर चिडवायचात, "घासा आता, मास्तरीणबाई."

म्हणून एकदा मी केसांतल्या पिनेने चौदा आणि पंधरा उपसले, एकमेकांच्या जागी बसवले आणि बाकीचे आकडे विस्कटून ठेवले. तुम्ही हरलात. भांडी घासताना म्हणालात, "काहून हसून राहिली गं?" दुसऱ्याच दिवशी कुरुंद्याला हळदीच्या कामावर असताना तुम्ही पडलात आणि कंबर गेली. मग पलंग, तुम्ही आणि ते कोडं. तेरा, पंधरा, चौदा. "दोनाचंच राहिलं बघ," म्हणायचात. मोडायचात, पुन्हा लावायचात, पुन्हा तिथेच अडायचात. मी दारातून बघत असायचे.

आता मी हेच शिकवते. आकड्यांच्या मांडण्या मोजता येऊ नयेत इतक्या, पण त्यांचे ढीग दोनच: सम अदलाबदलींनी होणाऱ्या आणि विषम अदलाबदलींनी होणाऱ्या. एका ढिगातलं सगळं एकच मानलं, म्हणजे क्वोशंट ग्रुप काढला, की एवढंच उरतं, दोन घटक. प्रत्येक सरकवणं म्हणजे रिकाम्या घराशी एक अदलाबदल. ते घर आपल्या कोपऱ्यात परत यायचं तर सरकवणी समच भरतात. माझी अदलाबदल एकच होती, म्हणजे विषम. तुम्ही जन्मभर सरकवत राहिला असतात तरी या ढिगातून त्या ढिगात जायला वाट नव्हती. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, न सुटणारं कोडं कुणी करून काहून ठेवलं?" मी फळा पुसला. दरवर्षी मी इथपर्यंत येते आणि फळा पुसते.

शेवटी ते कोडं माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "माझं डोकं न्हाई चालत, लेकरा. तू शीक." लोक म्हणतात, बापाच्या शब्दाखातर पोरगी गणित शिकली. मी मान हलवते. कोडं माझ्या खणात आहे, आकडे तुम्ही सोडले तसेच; हा कागदही त्याच्याखालीच जाईल. मी लहान होते, मला काय कळत होतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण बाबा, तुम्ही ते बोललात तेव्हाही पिन माझ्या केसांत होती, आणि माझा हात तिच्यापर्यंत गेला होता.