भुंग्याची लाल दांडी

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. मी ठीक आहे. सर्दी गेली, खोकला मुक्कामाला आहे. आमच्या चाचणी विभागाला नवी जागा मिळाली. तिला खिडकी आहे, पण ती पार्किंगकडे उघडते, त्यामुळे दिवसभर गाड्या तपासायच्या आणि मान वर केली की पुन्हा गाड्याच बघायच्या.

गाडीचे विषय फोनवर काढायचे नाहीत, कागदावर लिहायचे, हा तुझा नियम मला मान्य आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. फक्त माझी पत्रं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवतोस, ते बंद कर. "सल्लागारबाईंचा अहवाल आला हो!" अशी आरोळी ठोकतोस म्हणे. वहिनी सांगत होत्या.

त्यांनीच विचारलंय की तू गाडीत बसवायला निघाला आहेस ती दांडी करते काय, म्हणून आधी त्यांच्यासाठी. बॉनेट उघडलं की मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, पत्र्याचे दोन घुमट दिसतात. पुढच्या चाकांचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वरून या घुमटांना बोल्टने धरलेले असतात. आम्ही त्यांना टॉवर म्हणतो. वेगात वळण घेतलं की चाकं त्यांना ढकलतात आणि ते किंचित हलतात, झाकण काढलेल्या बुटांच्या खोक्याच्या कडा हलतात तसे. दोन टॉवरांच्या मध्ये एक आडवी दांडी पक्की बसवली की खोका कमी वाकतो आणि स्टिअरिंग नेमकं लागतं. तीच ही स्ट्रट ब्रेस. भाजी आणायला जाताना तिचा उपयोग शून्य. पण माझ्या भावाला, म्हणजे वहिनी, तुमच्या नवऱ्याला, डोंगरावरच्या शर्यतीत मागच्या वर्षी ज्याने हरवलं त्याच्या गाडीत ती आहे. मूळ कारण हे.

आता तुझा प्रश्न. तू दोन दांड्या निवडल्या आहेस. एक लाल, पोलादी, एकसंध, टोकांच्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या. दुसरी ॲल्युमिनियमची, टोकांना आटे असलेली, फिरवून लांबी कमीजास्त करता येणारी.

माझं मत, दुसरी घे. ती हलकी आहे. काढायला-घालायला सोपी आहे. एकसंध दांडीची भोकं ठरलेल्या अंतरावर असतात, आणि गाडी जुनी असली की ती जुळतीलच असं गृहीत धरू नये. तू म्हणशील, कॉलेजात असताना मीच तुला पढवलं होतं की सांधा आला तिथे कडकपणा गेला. पढवलं होतं. पण व्यवहारात हा फरक नगण्य असतो. गॅरेजवाल्या काकांना विचारत बसू नकोस, ते सवयीने एकसंधच सांगतील.

बाकी आपला भुंगा नीट चालतो ना? गाडी एका बाजूला ओढत वगैरे नाही ना? सहज विचारते आहे.

वहिनींना शहराबाहेरच्या त्या मोठ्या लॅबमध्ये जागा मिळते आहे हे वाचून फार बरं वाटलं. पहाटेची पाळी आणि त्या बाजूला बस नाही, म्हणजे आता रोज भुंग्याचं स्टिअरिंग धरणं आलंच. तुझं दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे, तेव्हा कुरकुर करू नकोस. वहिनींना, म्हणजे आपल्या ठोकूबाईंना सांग, स्टेशनरीच्या दुकानासमोरचा फुटपाथ स्वतःहून बाजूला होणार नाही, वळण त्यांनीच थोडं बाहेरून घ्यावं.

तुझी,
तांत्रिक सल्लागार (विनावेतन)

२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र पोचलं. तू शेवटी लालच घेतलीस तर. मला विचारतोस कशाला मग?

तुझ्या वर्णनावरून मला समजलं ते असं: उजवी बाजू बोल्टवर अलगद बसली, डावी बसेना. काकांनी आधी दांडीला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला, मग टेप काढून मापं घेतली आणि म्हणाले, "दांडी सरळ आहे, गाडी वाकडी आहे." डावा टॉवर सहा मिलिमीटर आत. तू लिहितोस की ते ऐकून तुला घरातल्या माणसाचा रिपोर्ट वाईट आल्यासारखं झालं. समजू शकते.

दांडी हातोडीने ठोकून बसवण्याचा विचार सोडून दे. परत कर आणि आट्यांची घे. ती सहा मिलिमीटर सहज सामावून घेईल. मी आधीच म्हटलं होतं.

तुझा दुसरा प्रश्न, की गाडी शिकताना वहिनी फुटपाथवर चढल्या होत्या, त्याने हे होऊ शकतं का.

धक्क्याची दिशा, टायरमधली हवा, पत्र्याची आधीची अवस्था, अशा बऱ्याच गोष्टींवर ते अवलंबून असतं. शक्यता नाकारता येत नाही.

बाकी विशेष नाही. कामाचा ढीग आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
सल्लागार

३ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र तुम्हाला आहे. पाकिटावर मुद्दाम तुमचंच नाव मोठं लिहिलं आहे, म्हणजे दादा फोडणार नाही. मी ठीक आहे, तुम्ही दोघंही ठीक असाल, हे नेहमीचं लिहून टाकते, कारण पुढचं नेहमीचं नाही.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी कामात नव्हते. आहे म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुम्हा बहीणभावांच्या गाडीत मी एरवी नाक खुपसत नाही गं, पण भुंगा माझ्यामुळे वाकला, तर आता ह्यांची समजूत कशी घालू ते तू सांग." मग हसलात आणि म्हणालात, "लॅबला सोमवारी नाही कळवते. मला आपली बस बरी. बसमध्ये मला वाकवायला काही मिळत नाही." आणि शेवटी, न हसता, "खरं सांग, मला जमेल का गाडी?"

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. भुंगा मी वाकवला.

जानेवारीत तुम्ही दोघं तुमच्या ताईंकडे गेलात आणि मी घर सांभाळायला आले होते, तेव्हाची गोष्ट. दादा बजावून गेला होता, "बॅटरी उतरेल, अधूनमधून सुरू करून ठेव. बाहेर काढायची नाही." तिसऱ्या दिवशी मी बाहेर काढली. तो मला चारचौघांत 'कागदावरची ड्रायव्हर' म्हणतो ना, ते मला लागतं. ऑफिसातही तेच आहे. गाडी चाचणीचे ड्रायव्हर चालवतात, मी आलेख वाचते. मला एकदा ते हातांना कळायला हवं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही विचाराल, म्हणून लिहिलं.

कारखान्यांच्या मागचा रस्ता दुपारी मोकळा असतो. तिथे बंद पडलेल्या मालगाडीचे रूळ रस्त्याला तिरपे छेदतात आणि डांबराच्या वर आलेले आहेत. मी ते पाहिले. ब्रेक लावायला वेळ होता. इतक्याने काही होत नाही, असं मला वाटलं. डावं चाक आधी आदळलं. तो आवाज पगार घेऊन ऐकण्याचं माझं काम आहे, वहिनी. काय झालं ते मला गाडी थांबायच्या आत कळलं होतं.

त्यानंतर मी सगळं अगदी पद्धतशीर केलं. वाकलेल्या चाकासाठी तशीच रिम मिळवली. त्याच बनावटीचा शॉक ॲब्सॉर्बर घातला. चाकांची दिशा जुळवून घेतली. तिथला माणूस मशीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, वय झालं की माणसाचं पोट बाहेर येतं. तुमच्या गाडीचं आत कसं गेलं?" मी म्हणाले, "जुनी आहे." तो हसला, मीही हसले. घरी येऊन बघितलं तर नवा शॉक ॲब्सॉर्बर चाकाआडून चमकत होता. मी तुमच्या तुळशीच्या कुंडीतली ओली माती घेतली आणि तो मळका दिसेपर्यंत त्यावर चोळली. गुडघ्यावर बसून, तुमच्या अंगणात. मग हात धुतले आणि झाडांना पाणी घातलं.

टॉवर तेवढा माझ्या हाताने सरळ होणारा नव्हता. मी मापला होता. काकांनी काढलेलं माप बरोबर आहे.

मग दादाचं पत्र आलं, कुठली दांडी घेऊ. वहिनी, उत्तर एका ओळीचं होतं: लाल घे. सांधे नसलेली दांडी जास्त कडक असते, यात दुमत नाही. पण ती सरळ गाडीवरच बसते. ती आणली की बॉनेटखालचं सगळं उघडं पडणार होतं. आट्यांची दांडी चार वेढे फिरवली की वाकड्या गाडीवरही गुमान बसते, आणि कुणाला काही कळत नाही. म्हणून मी ती सुचवली. दादाला मी आजवर गाडीबद्दल चुकीचं सांगितलेलं नाही, या भरवशावर सुचवली. त्याने लाल रंगाच्या हौसेपायी माझं ऐकलं नाही, हे किती बरं झालं ते आज म्हणते. तेव्हा चडफडले होते.

इथपर्यंतही मी कदाचित निभावून नेलं असतं. पुढचं मला स्वतःलाच पचत नाही.

दादाने सरळ विचारलं होतं, फुटपाथने हे होऊ शकतं का. तुम्ही चढलात तेव्हा मी मागच्या सीटवर होते. आपण चालत निघालो असतो तर भुंग्याच्या पुढे गेलो असतो, इतका वेग होता. त्या धक्क्याने टायरची कड खरवडते. टॉवर सहा मिलिमीटर आत जात नाही. हवा कमी असली तरी नाही, पत्रा जुना असला तरी नाही. हे मला दादाचं वाक्य वाचतानाच माहीत होतं. आणि मी लिहिलं, "शक्यता नाकारता येत नाही."

आमच्या अहवालांत हे वाक्य असतं. ज्याला नाही म्हणायचं नसतं, तो ते लिहितो. मला वाटलं, मी खोटं लिहिलेलं नाही. दादाने ते टेबलावर मोठ्याने वाचलं असणार, आणि तुम्ही वाढता वाढता थांबला असाल. किल्ली तुम्ही त्याच दिवशी खुंटीला अडकवलीत, असं तुमच्या बोलण्यातून कळलं. मला वर 'ठोकूबाईंना नमस्कार' लिहिण्याची हिंमत त्या पत्रात झाली नाही, तेवढीच काय ती लाज शिल्लक होती.

तुम्ही माझ्याशी नेहमी मोकळं बोलता. मी मोजून बोलते. तुम्हाला वाटतं तो माझा स्वभाव आहे. काही वेळा तो नुसता आडोसा असतो.

फोन करणार होते. पण तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नसतं. अर्ध्यावरच "जाऊ दे गं, पोर आहेस" म्हणाला असतात, आणि मी जाऊ दिलं असतं. मला ते नको होतं. आताही लगेच म्हणू नका.

आता कामाचं.

भुंगा शर्यतीला अजिबात न्यायचा नाही. एकदा वाकलेल्या पत्र्याचा डोंगरावर भरवसा नाही. टॉवर सांगाड्यावर बांधून ओढून सरळ करतात, असं एक वर्कशॉप मी शोधलं आहे, त्यांच्याशी बोलले आहे. शनिवारी मी येते आणि स्वतः तिथे घेऊन जाते. लाल दांडी परत केली असेल तर पुन्हा आणा. काम नीट झालं की नाही, ते तीच सांगेल. दोन्ही बाजू हाताने अलगद बसल्या, तरच गाडी ताब्यात घ्यायची. काकांना समोर उभं करा. माझ्या शब्दावर घेऊ नका.

शनिवारी येताना माझी गाडी घेऊन येईन आणि परत बसने जाईन. भुंगा बरा होईपर्यंत ती तुमच्याकडे राहील. दिसायला अगदीच ओशाळवाणी आहे, पण पहाटे एका झटक्यात सुरू होते. लॅबचा रस्ता रविवारी आपण दोनदा जाऊन-येऊन करू. तुम्ही चालवायची. मी मागच्या सीटवर बसेन आणि तोंड बंद ठेवेन.

तुम्ही विचारलं होतंत, जमेल का. जमेल. तुम्ही वळण्याआधी आरसे बघता, आणि शंका आली की ब्रेक लावता. त्या दुपारी मी यातलं दुसरं केलं नाही, आणि नंतर दोन महिने पहिलं. हे उत्तर फोनवर तेव्हाच द्यायचं होतं. सोमवारी लॅबला हो कळवा.

एकच मागणं आहे. दादा माझी पत्रं टेबलावर मोठ्याने वाचतो. हे त्याच टेबलावर तुम्ही वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून, मातीचाही भाग न गाळता. तो उठून जायला लागला तर जाऊ द्या, पण आवाज कमी करू नका. त्याला वेगळं पत्र लिहिलं असतं तर मी पुन्हा शब्द निवडत बसले असते.

आणि तुमच्याकडे माझं एक नाव चुकून राहिलं आहे. वर्षभर तुम्ही ते हसत मिरवलंत, मीही चिडवायला तेच वापरलं. ते आता मला परत करा.

तुमची,
ठोकूबाई