माटोळीवरची गाठ

प्रिय शीतल,

पोदेर आताच पावाचे गरम उंडे टाकून गेला. आपल्या पाळी गावावर धुकं उतरलंय. समोर खाणीचा डोंगर आहे की नाही, तेही कळत नाही. जनेलाच्या गजांपाशी कॉम्प्युटर उघडून बसलोय, तर तुझी सासू कमल म्हणते, "सुनेला पत्र लिहिताय की यंत्राला?" परवा फोनवर, रघुनाथनं लग्नाचं विचारल्याचं सांगून तू म्हणालीस, "बाबा, त्याला काय सांगू?" आणि मी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. तोंडाला जमलं नाही, ते हाताला जमतं का बघतो.

आपल्या स्वप्नीलनं आईच्या डोळ्यांसाठी केलेलं, ब्राउझरला जोडायचं ते छोटं एक्स्टेन्शन आठवतं ना? ब्राउझरमध्ये बातम्यांचं पान उघडलं की अक्षरं आवळ्याएवढी व्हायची. तो आपल्यातून गेल्यावरही ते निमूट चालत राहिलं. मग बातमीवाल्यांनी पानाची तऱ्हा बदलली. जुनी बातमी आपोआप निघते, नवी येऊन बसते. आमचं एक्स्टेन्शन मध्येच गप्प, अक्षरं पुन्हा मुंगीएवढी. कमलनं सुनावलं, "जन्मभर ट्रकांची इंजिनं खोललीत, हेही खोला!" व्हिडिओ बघत, चुकत, शिव्या खात खोललं. आत पोराचाच हात दिसत होता, नीटनेटका.

दोष सापडला तेव्हा मला आपली चवथीची माटोळी दिसली. गणपतीच्या डोक्यावरच्या त्या लाकडी चौकटीला आपण फळं, रानवेली बांधतो. कुणी फळ उतरवलं आणि दोरा तसाच राहिला, तर पुढचा माणूस न बघता तोच ओढतो आणि सगळी चौकट हलते. कोडचं तेच झालेलं. निघून गेलेल्या बातमीला तो धरून बसला होता. तिचं अक्षर मोठं करायला जाई, हाती काही न लागे, नि तिथेच कोसळे. आता त्याला सांगितलंय, हात लावण्याआधी बघ, ती पानाला जोडलेली आहे का. नसेल तर तिच्यासाठी बांधलेला दोरा सोड आणि पुढे चल.

'नसेल तर सोड.' स्वप्नीलच्या कोडात ही ओळ माझ्या बोटांनी लिहायची होती गो. शेवटी लिहिली.

तरी काम पुरतं झालं नव्हतं. पान कधी कधी बातमी काढून टाकत नाही, वरून उचलून खाली नेऊन ठेवतं. मधल्या क्षणी ती गेल्यासारखीच दिसते. घाईनं दोरा सोडला तर चांगली नांदती बातमी हातची जाते. म्हणून जरा थांबून पुन्हा बघायचं. हे कळलं त्या सकाळी चहात बुडवलेला उंडा तसाच विरघळून गेला, आणि कमल हसत राहिली.

शीतल, तू रघुनाथच्या घरी गेलीस की आमच्या घरातून निघालीस, याच भीतीनं मी उत्तर चुकवत होतो. निघाला तो स्वप्नील. तू तर फक्त जागा बदलतेयस. लग्न कर गो बाय. आणि चवथीला दोघंही या. आपल्या घरी नव्या माणसानं सुपारीचा घोस बांधायचा असतो. तू बांधलेला धाडकन खाली आला होता, म्हणून रघुनाथला आतापासून गाठ शिकव. माटोळीच्या चौकटीवर स्वप्नीलनं मारलेली शेवटची गाठ अजून तशीच होती. आज सकाळी मी ती सोडली. कमलनं स्टूल धरलं होतं. घोस तिथेच बांधा.

तुझाच,
शेजारी बसलेल्या कमलसह,
सगुणबाबा